दुसऱ्या वर्षीची बातमी

कडवंचीचं नाव ऐकलं नाही असा शेतकरी जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. १९९६ ते २००२ ह्या काळात तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं गावाला सोबत घेऊन केलं, आधी डोंगरमाथ्यावरचं काम मग खालचं असं शिस्तीत केलं, आणि पुढं गावात द्राक्षं आली, शेततळी आली, आणि २०१२ साली पाऊस दगा देऊन गेला, जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा जागेवर वाळल्या, तेव्हाही कडवंचीत द्राक्षबागा उभ्या राहिल्या. हे सगळं मी कितीतरी वेळा वाचलंय, पुरवणीत वाचलंय, दिवाळी अंकात वाचलंय, व्हॉट्सॲपवर तर दर उन्हाळ्यात एकदा फिरून येतंच. पण मला जे वाचायचं होतं ते मात्र कुठंच एका जागी मिळालं नाही. म्हणजे शेततळ्यात पाणी पावसाचं येतं का विहिरीतून उपसून भरतात, खालचं प्लास्टिक फाटलं की नवीन टाकायला पैसे कुठून येतात, ज्याला जमीनच नाही त्याच्या घरात ह्या द्राक्षातून काय आलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे इतकी वर्षं झाली, इतके लोक बघून गेले, मग आजूबाजूच्या गावांना ते जमलं का नाही, जमलं नसेल तर कशात अडलं.

हे प्रश्न कडवंचीला कमी लेखायला नाहीत बरं का. उलट ते काम मला इतकं मोलाचं वाटतं की त्याची नुसती आरती नको, त्याचा हिशोब हवा असं वाटतं. दुसऱ्या गावातल्या सरपंचाला आरतीतून काही करता येत नाही, हिशोबातून येतं.

तर अशा पद्धतीनं बातमी करणारे लोक जगात आहेत, आणि नुसते आहेत असं नाही तर त्यांची आख्खी मासिकं आहेत, हे मला तसं उशिरा कळलं आणि कळल्यापासून मराठवाड्यात असंच एक वर्गणीवरचं मासिक काढायच्या मी मागं लागलेय. त्याला सोल्युशन्स जर्नलिझम म्हणतात. अमेरिकेत सिएटलजवळ बेनब्रिज आयलंड नावाचं बेट आहे, तिथून १९९६ साली ‘येस!’ नावाचं मासिक सुरू झालं, तसं ते तीन महिन्यांनी निघायचं म्हणून त्रैमासिक म्हणा. सारा व्हॅन गेल्डर आणि डेव्हिड कॉर्टन ही त्याच्या सुरुवातीची माणसं. ना नफा तत्त्वावर चालायचं, कुणा मोठ्या कंपनीच्या मालकीचं नव्हतं, आणि अंकात जाहिरात नसायची. वर्गणी आणि वाचकांनी दिलेल्या देणग्या यावर भिस्त असायची. प्रत्येक अंकाला एक विषय, आणि त्या विषयात कुठं कुठं माणसांनी काय करून बघितलं त्याच्या गोष्टी असायच्या. २०२५ साली ते बंद झालं. कडवंचीचं काम सुरू झालं त्याच साली तिकडं हे मासिक निघालं हे वाचून मला उगाच लई बरं वाटलं.

इंग्लंडात ‘पॉझिटिव्ह न्यूज’ आहे, १९९३ पासूनचं. त्यांनी २०१५ साली एक फार भारी गोष्ट केली, वाचकांनाच मालक केलं. दीड हजारावर लोकांनी त्यात शेअर घेतले, तेही ३३ देशांतल्या, आणि आता ते सहकारी तत्त्वावर चालतं. सहकार म्हटलं की आपल्याकडं कारखाना, बँक आणि दूध डेअरी एवढंच डोळ्यासमोर येतं, पण बातमीचं सहकारी घर असू शकतं ही कल्पना महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये खरं तर.

आणि ह्या सगळ्याला शिस्त लावायचं काम केलं ते न्यूयॉर्कच्या सोल्युशन्स जर्नलिझम नेटवर्कनं. डेव्हिड बॉर्नस्टीन आणि टीना रोझेनबर्ग हे दोघं २०१० पासून न्यूयॉर्क टाइम्समध्ये ‘फिक्सेस’ नावाचं सदर लिहायचे, मग कोर्टनी मार्टिन ह्यांच्यासोबत २०१३ साली त्यांनी ही संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं, की बातमीत चार गोष्टी यायलाच पाहिजेत. एखाद्या अडचणीवर लोकांनी नेमकं काय केलं आणि ते कसं चालतं हे आधी बारकाईनं सांगा. मग त्याचा परिणाम झाला याचा पुरावा काय ते दाखवा. मग त्यातून दुसऱ्या गावानं, दुसऱ्या शहरानं उचलावं असं काय आहे ते सांगा. आणि शेवटी ते कुठं कमी पडतं, कुणाला त्याचा उपयोग झाला नाही, हेही तितक्याच स्पष्ट सांगा. ही चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडं नेमकी तीच गळते.

आता कुणी म्हणेल आपल्याकडं यशोगाथा काय कमी छापून येतात का. येतात ना, रोज येतात. पण यशोगाथा वेगळी आणि ही बातमी वेगळी, यातला फरक मी माझ्या मामेभावाच्या रानात बघितलाय. त्यानं पेपरात एका शेतकऱ्याची ड्रॅगन फ्रूटची गोष्ट वाचली, फोटोत माणूस हसतोय, हातात लालभडक फळ, एकरी उत्पन्नाचा आकडा जाड अक्षरात. खर्च एका ओळीत. सिमेंटचे खांब, त्यावरच्या रिंगा, ठिबक, रोपं, ह्या सगळ्याला एकरी किती लागतं, त्यातलं सबसिडीतून किती आलं, खिशातून किती गेलं, पहिला नीट तोडा कधी मिळतो, आणि सगळ्यात मुद्द्याचं म्हणजे ज्या वर्षी त्या शेतकऱ्यानं विकलं त्या वर्षी तालुक्यात ड्रॅगन फ्रूट लावणारे किती होते, हे काहीच नाही. भावानं लावलं. त्याच्यासोबत आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी लावलं कारण पेपर तर सगळ्यांनीच वाचलेला. फळ यायला लागलं तेव्हा भाव पहिल्यासारखा राहिलेला नव्हता. तो अगदी बुडाला असं नाही, आजही त्याची बाग आहे, पण कर्ज फेडायला जो काळ लागेल असं त्यानं गृहीत धरलं होतं त्याच्यापेक्षा जास्त काळ लागणार आहे. ज्याची गोष्ट छापून आली त्या शेतकऱ्याकडं दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी कुणी परत गेलं का? गेलं असतं आणि लिहिलं असतं तर भावानं अर्ध्या एकरावर करून बघितलं असतं. बातमी ही शेतकऱ्याच्या घरात निर्णय बनून जाते हो, तिथं मनोरंजन म्हणून कुणी वाचत नाही, म्हणून मला ह्याची इतकी कळकळ आहे.

मी स्वतः काही वर्षं एका पेपरचं तालुक्याचं काम केलंय त्यामुळं हे असं का होतं ते आतून माहितीये. लोकांना वाटतं तालुका वार्ताहर म्हणजे पगारी माणूस. तसं नसतं, मानधन इतकं किरकोळ की महिन्याच्या पेट्रोलला पुरत नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, पेपरचा वर्धापन दिन, आणि नेत्यांचे वाढदिवस, ह्या सगळ्याला जाहिरातीचं टार्गेट ठरलेलं. मग ज्या सभापतीकडं, ज्या गुत्तेदाराकडं, ज्या संस्थाचालकाकडं तुम्ही पुढच्या आठवड्यात जाहिरात मागायला जाणार, त्याच्या कामाची उलटतपासणी ह्या आठवड्यात कशी करणार? आणि बातमी कुठून येते तर प्रेस नोटमधून. कृषी विभागाची नोट, संस्थेची नोट, पुढाऱ्याची नोट. एका गावात दिवसभर बसायचं, दहा घरं फिरायची, सातबारा बघायचा, जुने वीजबिल बघायचे, हे करायला ना वेळ असतो ना कुणी त्याचे पैसे देतं. माझ्यासोबतची पोरं खूप हुशार होती, गावागावाची नस त्यांना माहिती होती, अजूनही त्यातली काही तेच काम करतात आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. दोष माणसांचा नाही, पैसा ज्या रस्त्यानं येतो त्या रस्त्याचा आहे. म्हणूनच ना नफा आणि बिनजाहिरात ह्या दोन गोष्टींवर मी इतकी अडून बसते, त्या शोभेच्या नाहीत, त्यांच्याशिवाय तो चौथा प्रश्न, म्हणजे काम कुठं कमी पडलं हा, विचारताच येत नाही.

लातूरचं घ्या. २०१६ चा एप्रिल कोण विसरेल, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, पुढं पन्नास डब्यांची गाडी यायला लागली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर यायचं. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलेलं. देशभरातून कॅमेरे आले, परदेशातून आले. स्टेशनवर इतके कॅमेरे होते की विचारू नका. मग त्याच वर्षी पावसाळ्यात चांगला पाऊस झाला, मांजरा धरणात पाणी आलं, आणि कॅमेरे गेले.

पण खरी बातमी तर तिथून पुढं सुरू होते ना. लातूरकरांनी त्या उन्हाळ्यात वर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रात खोलीकरणाचं काम केलं, व्यापाऱ्यांनी दिले, डॉक्टरांनी दिले, साध्या नोकरदारांनी दिले, ही केवढी मोठी गोष्ट आहे. आता मला सांगा, त्या कामाचं पुढं काय झालं हे लातूरच्या बाहेर किती लोकांना माहितीये? त्यामुळं काठावरच्या विहिरींची पातळी किती बदलली, खोल केलेल्या पात्रात गाळ परत किती भरला, नदी अशी खोल करणं भूजलवाल्या तज्ञांना पटतं का नाही पटत आणि का, शहराची पाइपलाइन किती गळते, पाणलोटात ऊस किती होता आणि आता किती आहे. दुष्काळ परत येणारच आहे, मराठवाड्यात तो येतोच, मग मागच्या वेळी काय केल्यानं काय झालं हे लिहून ठेवलेलं नसेल तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात. बोअर अजून खोल, टँकर अजून जास्त.

शेततळ्याचंही तेच. २०१६ ला ‘मागेल त्याला शेततळे’ आलं, त्याच्या आधीपासूनही होतीच. मूळ कल्पना अशी की रानातून वाहून जाणारं पावसाचं पाणी तळ्यात अडवायचं. पण बऱ्याच ठिकाणी झालं असं की तळ्याला प्लास्टिक अंथरलं, आणि पावसाळ्यात विहिरीतून बोअरमधून पाणी उपसून त्यात भरून ठेवलं, म्हणजे जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हात ठेवलं, त्यातलं बाष्पीभवनानं जातं ते वेगळंच. अभ्यासकांनी यावर लिहिलंय, चांगलं लिहिलंय, पण ते इंग्रजीत, जर्नलमध्ये. आमच्या तालुक्यात तळं खोदायला निघालेल्या माणसाच्या हातात ते पडत नाही. आणि त्याचवेळी हेही खरं की ज्याच्याकडं असं तळं होतं त्याची फळबाग वाचली आणि त्याच्या पोराचं शिक्षण थांबलं नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही एकाच लेखात सांगणारं कुणीतरी पाहिजे, बाजू घेऊन भांडणारं नको.

आता जरा जड विषयाकडं येते, आणि यावर मी जास्त बोलणार आहे कारण हा माझ्या जिल्ह्याचा विषय आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा. २०१९ ला ही बातमी देशभर गाजली. मग सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांचा सर्व्हे झाला आणि त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यात कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. ज्यांना हे जग माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची आणि ती ऊस तोडून फेडायची, आणि एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. उसाच्या फडात ना संडास ना पाणी ना आडोसा. पाळीच्या दिवसात, अंगावरून जात असताना, पहाटे उठून स्वयंपाक करून मोळ्या वाहायच्या. अशात पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं आणि तिथं ‘पिशवी काढून टाका, नायतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं तर ती बाई काय करणार.

बातमी आली ते फार चांगलं झालं, ती ज्यांनी आणली त्यांचे उपकार आहेत, त्या बातमीशिवाय काहीच हललं नसतं. पण त्यानंतर उपाय म्हणून काही गोष्टी झाल्या, खासगी दवाखान्याला गर्भाशय काढायचं असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असं ठरलं, फडावर जायच्या आधी आणि परत आल्यावर बायकांची तपासणी करायची, त्यांना आरोग्य कार्ड द्यायचं असं ठरलं. ह्या उपायांचं काय झालं ही माझ्या मते पहिल्या बातमीइतकीच मोठी बातमी आहे. परवानगीचा नियम आल्यावर ऑपरेशनं खरंच कमी झाली, का बायका शेजारच्या जिल्ह्यात, नाहीतर कारखान्याच्या भागातच जाऊन करून घ्यायला लागल्या? तपासणीत रक्त कमी निघालं तर पुढं काय, गोळ्या दिल्या आणि ती फडावर गेली, मग पुढचे पाच-सहा महिने? कार्ड दाखवल्यावर तिकडच्या सरकारी दवाखान्यात कुणी विचारतं का? कुठल्या गावातल्या आशाताईंनी काही वेगळं केलं का ज्यामुळं तिथल्या बायका टिकल्या? हे एखाद्या माणसानं दोन हंगाम पाठपुरावा करून लिहिलं तर पुढच्या कलेक्टरच्या टेबलावर ठेवता येईल असा कागद तयार होतो. मी तेव्हा एका वस्तीवर गेले होते, तिथली एक मावशी मला म्हणली, “तव्हा लई गाड्या आल्या बाई, फोटू काढले, इचारलं, रडवलं, अन् गेल्या. पुना कोनी फिरकलं नाय. तू आता कामून इचारायलीस?” तिचा प्रश्न बरोबर होता. तिला परत रडवायला जायचं नसेल तर तिच्यासाठी जे केलं म्हणून सांगितलं गेलं ते तिच्यापर्यंत पोचलं का, हे विचारायला जायला पाहिजे.

आणि फक्त दुःखच आहे असं नाही, आपल्याकडं करून दाखवलेलं पण किती आहे. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, त्यानंतर घरं बांधायच्या कामात गावातल्या बायकांना संवाद सहायक, म्हणजे गाव आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून पुढं आणलं ते स्वयम शिक्षण प्रयोगनं, प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं. त्याच कामातून पुढं उस्मानाबाद (आता धाराशिव) आणि लातूरकडच्या बायकांनी एक एकराची शेती सुरू केली, घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर तुकडा नवऱ्याकडून, सासऱ्याकडून मागून घ्यायचा, त्यात सोयाबीन नाही तर ज्वारी, बाजरी, डाळी, भाजीपाला असं घरात खायला लागणारं पिकवायचं, कमी पाण्यात, शेणखतावर. २०१६ ला संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर प्राइझ मिळालं. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेच वर्ष! रेल्वेचे फोटो जगभर गेले, आणि त्याच दुष्काळात घरापुरतं पिकवणाऱ्या ह्या बाया आपल्याच मराठी पेपरात किती आल्या ते आठवून बघा.

आणि बघा, इथंसुद्धा माझ्या मनात लगेच चौथा प्रश्न येतो. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? नसेल तर सोयाबीनचा भाव वाढला की तो तुकडा तिच्याकडं राहतो का परत घेतला जातो? संस्थेचं माणूस गावात यायचं थांबलं तर पाच वर्षांनी किती जणी करतात? ज्या घरात जमीनच दोन एकर आहे त्या घरात हे कसं बसतं? हे विचारल्यानं त्या बायकांचं काम छोटं होत नाही. उत्तर मिळालं तर अंबाजोगाईच्या, परळीच्या बायकांना सुरुवात करताना माहिती असेल की आधी नाव लावून घ्यायचं.

ऑक्सफर्डची रॉयटर्स इन्स्टिट्यूट आहे, ती दरवर्षी बऱ्याच देशांत बातम्यांचा सर्व्हे करते. त्यात मुद्दाम बातम्या टाळतो असं सांगणारे लोक २०१७ ला २९ टक्के होते, २०२२ ला ३८ टक्के झाले. आमच्या घरात तर मी ते रोजच बघते, वडील आयुष्यभर पेपर वाचणारे, आता पहिलं पान उलटून थेट बाजारभाव आणि हवामान बघतात. म्हणतात, वाचून काय करायचं, जीव नुसता वर-खाली होतो. ते काही बेफिकीर झालेले नाहीत, बाजारभाव ते बघतात कारण त्यावर त्यांना काहीतरी करता येतं. माणूस गोड बातमी मागत नाही, हाताला काही लागेल अशी बातमी मागतो.

आता पैशाचं. ‘वर्गणीवर मासिक चालत असतं का’ हा प्रश्न मला हमखास येतो. चालतं की. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ काढलं, ते ट्रस्टवर आजही चालू आहे, म्हणजे आमचा मराठवाडा निजामाच्या ताब्यातून सुटायच्या महिनाभर आधी निघालेलं साप्ताहिक. ‘पालकनीती’ मासिक १९८७ पासून आहे. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ ला ‘पारी’ हे खेड्यापाड्यातल्या बातम्यांचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यामागंही ट्रस्टच आहे, जाहिरात नाही, आणि मराठीतूनही फुकट वाचायला मिळतं. आणि आपल्या भागाबद्दल बोलायचं तर अनंत भालेरावांचा ‘मराठवाडा’ पेपर ज्यांनी वाचलाय ती पिढी अजून आहे, पेपर हा आपल्या भागाच्या कामाचा भाग असतो हे त्यांना कुणी शिकवायला नको.

माझा हिशोब साधा आहे. वर्षाला पाचशे रुपये वर्गणी, दोन हजार वर्गणीदार, म्हणजे दहा लाख. मराठवाड्याचे आठ जिल्हे, एका जिल्ह्यात अडीचशे माणसं. त्यात दोन पूर्णवेळ बातमीदार, एकाचं गाडीभाडं, दोन महिन्यांतून एक अंक, कागद साधा, चार पानं रंगीत नसली तरी चालतील. जास्त नाहीत हो अडीचशे माणसं, एका जिल्ह्यात शिक्षकच किती आहेत, मेडिकलवाले किती, पुण्याला नोकरीला गेलेली पोरं किती. मोठ्या देणगीचा मोह मात्र टाळायला पाहिजे. मी संस्थांची कामं जवळून बघितलीत, चांगल्या संस्था आहेत, पण एखाद्या संस्थेनं किंवा कंपनीनं सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पैसे दिले आणि त्याच संस्थेच्या कामावर आपण लेख लिहिला तर ती परत प्रेस नोटच झाली, फक्त कागद चांगला. म्हणून नियम पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायचा, एका माणसाकडून, एका संस्थेकडून वर्षाला किती घ्यायचं याला मर्यादा, आणि कुणी किती दिले ते प्रत्येक अंकात छापायचं. ज्यानं पैसे दिले त्याच्या कामावर लिहायची वेळ आलीच तर वाचकाला तिथंच वर सांगायचं.

आणि दुसरा नियम, जो मला जास्त जवळचा आहे. प्रत्येक अंकात निम्मी पानं जुन्या बातम्यांना. म्हणजे आपण ज्या गावाबद्दल लिहिलं तिथं एका वर्षानं परत जायचं आणि काय झालं ते लिहायचं, बंद पडलं असेल तर का बंद पडलं ते लिहायचं, आणि हे गावाला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं की आम्ही परत येणार आहोत. यानं दोन गोष्टी होतात, एक तर लोक पहिल्यांदाच फुगवून सांगत नाहीत, आणि दुसरं म्हणजे त्यांना वाटतं की ह्यांना खरंच आपलं पडलंय. पुढारी येतात तसं एकदा येऊन जायचं नाही.

आम्ही काही जण आहोत, दोघी माझ्यासारख्या पूर्वी पेपरात काम केलेल्या, एक निवृत्त कृषी सहायक आहेत ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, एक पोरगा आहे जो आकडेवारी आणि माहिती अधिकाराचे अर्ज यात एकदम तरबेज. अंबाजोगाईत बसतोय, बोलतोय, ट्रस्ट करायचा का सेक्शन आठची, म्हणजे ना नफा, कंपनी यावर अजून एकमत नाही. अण्णांचं म्हणणं ट्रस्ट, कारण लोकांना तो शब्द कळतो. नोंदणी होईल तेव्हा होईल, पण पहिलं काम तोपर्यंत थांबवायचं नाही असं ठरलंय. पहिला विषय हंगामी वसतिगृहांचा घेतोय. आई-बाप ऊसतोडीला फडावर गेले की पोरं गावातच आजी-आजोबांकडं राहावीत, शाळेत जेवण मिळावं, शाळा सुटू नये म्हणून ही सोय आहे. काही गावांत ती नीट चालते असं ऐकलंय, काही ठिकाणी कागदावरच. नीट चालते तिथं कोण चालवतं, मुख्याध्यापक का सरपंच का बचत गटातल्या बाया, धान्य वेळेवर कसं येतं, रात्री पोरींजवळ कोण थांबतं, आणि मुळात किती पोरं खरंच मागं राहिली, हे सगळं बघायचंय.

ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर हलायला लागतात, त्यामुळं आई-बाप गावात आहेत तोवर, म्हणजे पोळा झाल्या झाल्या, धारूर, वडवणी आणि केजकडची पहिली फेरी करणार आहोत, आणि ते गेल्यावर मार्गशीर्षात त्याच घरी परत. तिकडचं कुणी हे वाचत असेल आणि तुमच्या गावात असं वसतिगृह चालू असेल तर कळवा. सुरू होऊन बंद पडलं असेल तर नक्की कळवा, तिथं आम्ही आधी येऊ.